वाड्याच्या तुळया गेल्या आणि चौकटीत भलतेच लाकूड आले

जुना वाडा उतरवून त्यातले लाकूड नव्या घरात वापरण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी तुळया गाडीवर चढवण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्याचसाठी तो सविस्तर लिहीत आहे.

सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचा माळवदाचा वाडा होता. पांढऱ्या मातीचे छत, खाली किलचणी, म्हणजे लाकडाचे आडवे बारीक तुकडे, आणि त्यांचा सगळा भार पेलणाऱ्या सागवानी तुळया. गेल्या वर्षी मार्चमध्ये वाडा उतरवला तेव्हा नऊ तुळया आणि एक खांब धड निघाले. तुळई सुमारे १० फूट लांब, ८ इंच उंच आणि ६ इंच जाड होती. आमचे नवे घर जुळे सोलापुरात बांधायला घेतले होते आणि मुख्य दरवाजा याच सागवानाचा करायचा, असे आर्किटेक्टबाईंनी नकाशातच नोंदवून ठेवले होते. वडिलांचा जन्म त्या तुळयांखाली झाला होता, त्यामुळे लाकडाच्या किमतीपेक्षा ते घरात राहावे याचे मोल आम्हाला जास्त वाटत होते.

लाकूडकामाचा ठेका ज्यांना दिला होता त्यांनी तुळया चिरण्यासाठी सॉ मिलमध्ये नेतो असे सांगितले. मी तुळया मोजल्या, म्हणजे फक्त नऊ आहेत एवढे पाहिले. लांबी, रुंदी, जाडी कागदावर उतरवून त्याखाली त्यांची सही घेतली नाही, आणि सॉ मिलवर स्वतः गेलो नाही. आज हिशेब मांडतो तेव्हा एका तुळईचे सव्वातीन घनफुटांहून थोडे जास्त लाकूड भरते, म्हणजे नऊ तुळयांचे ३० घनफूट. जुने, मुरलेले सागवान वखारीत कोणत्या भावाने जाते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा आकडा काय सांगतो ते कळेल.

दिवाळीपूर्वी दरवाजा बसला. निम्मे लाकूड घटीत गेले, असे ठेकेदारांनी सांगितले आणि मी ते मानले. पुढे एका वृद्ध सुतारकाकांनी मला समजावले, की करवतीच्या एका कापाला एखाद सूत लाकडाचा भुसा होतो, आणि इंचाची सुते आठ. किडके किंवा तडकलेले तुकडे बाजूला काढले तरी धड तुळयांचे निम्मे लाकूड असे नाहीसे होत नाही. त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. आमच्या तुळयांना जागोजागी जुन्या खिळ्यांची भोके होती आणि गंजामुळे त्यांच्याभोवती काळे डाग पडलेले होते. नवा दरवाजा दाखवताना ठेकेदार म्हणाले, "बघा सर, एवढं जुनं लाकूड, पण एक भोक दिसतंय का?" मी कौतुकाने हात फिरवून पाहिला आणि खरोखरच भोक नाही याचा मला आनंद झाला. ती भोके नसणे हाच पुरावा होता, तो माझ्या हाताखाली होता, आणि मला कळले नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, आणि अर्धवट वाळलेल्या लाकडाची परीक्षा त्या कोरड्या हवेत होते. या मे महिन्यात दाराच्या फळ्यांमधून उजेड दिसू लागला आणि चौकटीचा वरचा सांधा उघडला. त्या सांध्यात कुसू, म्हणजे एका लाकडाच्या खाचेत बसणारे दुसऱ्याचे टोक, नव्हतेच. दोन लाकडे नुसती टेकवून खिळे ठोकले होते आणि फट लांबीने, म्हणजे पुटीने, भरून वर पॉलिश चढवले होते. जुलैत पावसाची झड लागली तेव्हा खालचा कोपरा फुगून दार उंबऱ्याला घासू लागले. तेव्हा मी त्या सुतारकाकांना बोलावले.

त्यांनी प्रथम एक बिजागरी उघडली. तिच्याखाली पॉलिश नव्हते आणि तिथले लाकूड पांढरट होते. मग दार उतरवून त्यांनी त्याच्या वरच्या कडेवर रंधा मारला. ही कड कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून तिला सहसा कोणी रंग लावत नाही. निघालेली साल त्यांनी माझ्या हातात दिली, आमच्या घरी उरलेल्या खांबावर तसाच रंधा मारला, आणि म्हणाले, "आता दोन्हींचा वास घ्या." खांबाच्या सालीला कमावलेल्या चामड्यासारखा वास होता, बोटांना ती किंचित तेलकट लागत होती, आणि सोनेरी तपकिरी रंगात गडद रेषा स्पष्ट होत्या. दाराची साल फिकट, कोरडी आणि बिनवासाची होती. वरचा तपकिरी रंग केवळ स्टेनरचा होता. फळ्या सागवानाच्या नाहीतच, असे त्यांनी ठामपणे सांगितले. चौकट सागवानाची होती, पण कोवळ्या झाडाची, जिच्यात गाभा थोडा आणि खोडाच्या सालीलगतचा पांढरा भाग जास्त होता. सागवानाला वाळवी लागत नाही असे आपण म्हणतो ते गाभ्याच्या बाबतीत. पांढऱ्या भागाला ते संरक्षण नसते.

मापातही मारले होते. चौकट ५ बाय ३ इंचाची ठरली होती. टेप लावला तेव्हा ती साडेचार बाय अडीच भरली. दोन्हीकडे चार-चार सुते कमी म्हणजे विशेष काही नाही असे वाटते, परंतु १५ चौरस इंचांच्या जागी सव्वाअकरा, म्हणजे लाकूड सरळ पाव हिस्सा कमी.

विचारल्यावर उत्तर मिळाले, "सर, तुमच्या तुळया आतून किडल्या होत्या, म्हणून वखारीतून बदलून आणल्या. फायदा तुमचाच झाला की हो." किडलेली तुळई एकदाही दाखवली नव्हती आणि बदलल्याचे कळवलेही नव्हते.

यानंतर मी स्वयंपाकघराकडे वळलो. तिथे भारतीय मानक ७१० चे मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारे प्लाय, ठरले होते. सिंकखालच्या कपाटाचा तुकडा कापून घेतला, तर लॅमिनेटखाली कुठेही शिक्का नव्हता. तो तुकडा आम्ही पातेल्यात उकळत ठेवला. या मानकाचे प्लाय तपासताना ७२ तास उकळतात. आमच्या तुकड्याचे पदर तीन तासांत सुटले. प्लायच्या शीटवर आयएसआयच्या चिन्हाबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो, ही माहिती मला तेव्हा असती तर लॅमिनेट चिकटवण्यापूर्वी प्रत्येक शीट मी उलटून पाहिले असते. प्लाय असो की लाकूड, ते उघडे असताना, पॉलिश किंवा लॅमिनेट लागण्याआधी पाहा. नंतर सगळी लाकडे सारखी दिसतात.

ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, त्यामुळे तो मार्ग मला खुला आहे आणि नोटीस पाठवली आहे. अडचण कागदाची आहे. माझ्याजवळ पक्के बिल नाही, एक कच्ची चिठ्ठी आहे, मोबाइलवरचे निरोप आहेत आणि वाडा उतरवताना भाच्याने सहज काढलेले तुळयांचे फोटो आहेत. त्यांतल्या दोन फोटोंत खिळ्यांचे काळे डाग स्पष्ट दिसतात. माझी सगळी भिस्त आता त्यांच्यावर आहे. आपल्या लाकडाचे असे फोटो मुद्दाम काढा, टेप लावलेल्या स्थितीत आणि दोन्ही टोकांचे, आणि मापाच्या कागदावर नेणाऱ्याची सही घ्या.

उरलेला खांब मी गेल्या महिन्यात चिरून घेतला. आदल्या रात्री त्याच्या दोन्ही टोकांना तांबडा तैलरंग फासला, म्हणजे निघणाऱ्या प्रत्येक फळीच्या टोकाला तो दिसला पाहिजे. सॉ मिलवर सुतारकाकांच्या शेजारी दोन तास उभा राहिलो. पाच फळ्या निघाल्या, पाचही टोकांना तांबड्या, आणि तिसऱ्या फळीत एका जुन्या खिळ्याचे काळे भोक आरपार गेलेले होते. काका ते बुजवायला निघाले होते. मी नको म्हणालो. देवघराच्या दाराला ती फळी भोकासकट बसवली आहे.