बँड ऐकायला कुठे जावं: बांद्यापलीकडे की थेट दादरला?

सावंतवाडीत राहून इंडी बँड (मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी करणारा) ऐकायचा, तोही शे-दीडशे माणसांच्या जागेत, गायकाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळून, तर घर सोडावंच लागतं. प्रश्न एवढाच, की शनिवारी बांदा ओलांडून गोव्यात जायचं की शुक्रवारी संध्याकाळी मळगावला, म्हणजे सावंतवाडी रोड स्टेशनवर, दादरची तुतारी एक्सप्रेस पकडायची.

गोवा जवळ. हणजुणे-आसगाव भाग गाडीने दीडेक तासावर. पण निघण्याआधी फोन करून विचारा, बँड स्वतःची गाणी वाजवणार की कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली? तिथल्या बऱ्याच जागा पर्यटकांवर चालतात आणि पर्यटकाला ओळखीचं गाणं हवं असतं. आम्ही एकदा न विचारता गेलो. सगळी ऐकून पाठ झालेली गाणी, आणि ठीक दहाला साउंडवाल्याने आवाज खाली ओढला. कार्यक्रम अंगणात होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद. बंद हॉलचं गणित वेगळं, तेव्हा तेही विचारून घ्या.

परतीचं काय? ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याची रात्र लिंबूसोड्यावर. झाराप-पत्रादेवी रस्ता चौपदरी झालाय खरा, पण मध्येच बसलेल्या गुरांना ते कोणी सांगितलेलं नाही.

मुंबईत लोअर परळच्या अँटीसोशलसारख्या ठिकाणी लोक त्या बँडसाठीच तिकीट काढून आलेले असतात. गिटारवाला वाकून पायाशी ठेवलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची बटणं चाचपत असतो, तेवढा वेळही समोरचे गप्प असतात. तोच पोरगा नंतर केबल गुंडाळतो आणि दाराशी टी-शर्ट विकायला उभा राहतो. कानात घालायला बोळे न्या. छत बुटकं असलं की झांजा थेट डोक्यात शिरतात.

पैसे जास्त जातात, पण मुक्कामाचे वाचतात. परतीची तुतारी दादरहून रात्री १२.०५ला सुटते आणि लोअर परळहून दादर लोकलने दोनच स्टेशनं पुढे. सव्वाअकराला बाहेर पडायचं, म्हणजे शेवटची दोन गाणी कधी कधी जिन्यातच ऐकायची. रविवारी दुपारी मळगाव. गोची आरक्षणाची आहे: ते ६० दिवस आधी उघडतं आणि लहान बँडची तारीख बऱ्याचदा तीन-चार आठवड्यांवर आल्यावर कळते. मे महिना आणि गणपतीत तर नादच सोडा.

(जत्रांच्या दिवसांत आमचा एक मित्र दोन्हीकडे येत नाही. दशावतारात संवाद जागच्या जागी रचतात, हार्मोनियम-मृदंग-झांज पहाटेपर्यंत, तिकीट नाही. यापेक्षा इंडी काय असतं, म्हणतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.)

चौघे असाल आणि एकजण न पिणारा असेल तर गोवा. एकटे असाल आणि त्याच बँडची गाणी वर्षभर हेडफोनवर ऐकत असाल, तर वेटिंगचं का होईना, तुतारीचं तिकीट काढून ठेवा.