थ्री-ट्रॅक स्लायडिंग खिडक्या: उन्हाळ्यात झकास, झडीत वैताग

रत्नागिरी, दुसरा मजला, हॉल आणि बेडरूमचं तोंड थेट पश्चिमेला. सागवानी झडपा कुजल्या म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या थ्री-ट्रॅक, म्हणजे तीन समांतर खाचांतून सरकणाऱ्या खिडक्या बसवून घेतल्या. दोन काचेच्या झडपा, एक जाळीची, पाच मिलिमीटर काच, पावडर कोटिंग. यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकच्या चौकटींचा) भाव जवळपास दुप्पट निघाला, म्हणून तो विषय तिथेच संपला.

उन्हाळाभर मी या खिडक्यांची फुकट जाहिरात करत होतो. जाळी ओढली की डास बाहेर. झडप वाऱ्याने आपटत नाही, पडद्यात अडकत नाही, उचलून काढून बाथरूममध्ये धुताही येते. एका वेळी अर्धीच खिडकी उघडते, पण त्याचं काही वाटलं नाही.

जूनमध्ये झड सुरू झाली आणि गादी भिजली.

पाणी काचेच्या कडेने येत नव्हतं, भिंतीतूनही नाही. खालचा ट्रॅक पन्हळीसारखा भरून आत सांडत होता. खिडक्या बनवून बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन केला. "साहेब, कोकणातला पाऊस आहे, थोडं येणारच." थोडं? रात्रीत दोनदा पंचा पिळला मी! तीन फोन झाले, तरी माणूस फिरकला नाही. शेवटी मीच वाकून ट्रॅकची बाहेरची कड पाहिली. पाणी जायला ठेवलेली दोन्ही भोकं त्याच्याच पोराने सिलिकॉनने सुबक लिंपली होती. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरली तशी पाण्याची धारच बाहेर पडली.

त्यामुळे 'स्लायडिंग घेऊच नका' असं लिहायला बसलो होतो, ते खोडलं. साध्या पावसात आता थेंब येत नाही.

सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र ट्रॅक हुक्क्यासारखा गुडगुडतो. वारा त्याच भोकांतून आत दाबतो आणि पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. ताशी 50 किमीचा वारा साधारण 12 मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो, 70 चा झोत 23. माझ्या ट्रॅकची आतली कड भरते 18. म्हणजे झोत आला की सांडणारच, वर कितीही सिलिकॉन फासा. कोटेशनमध्ये काचेची जाडी होती, रंगाचा नंबर होता, हँडलचं मॉडेलसुद्धा होतं. या कडेची उंची तेवढी कुठेच नव्हती.

स्वयंपाकघराची बाहेर उघडणारी झडपही त्याच भिंतीत आहे, तीही त्याच फॅब्रिकेटरकडून केलेली. तिथे वारा झडप उलट रबरावर दाबून बसवतो, ओटा कोरडा. पण ग्रील आतून, त्यामुळे कडी काढायला गजांतून हात घालावा लागतो आणि जाळीची सोय नाही. आई रोज बोलते.

पश्चिमेला आणि दक्षिणेला बाहेर उघडणारी, रबर लावलेली झडप घ्या. बाकी बाजूंना स्लायडिंग खुशाल. पश्चिम-दक्षिणेलाही स्लायडिंग घ्यायचीच झाली तर टेप घेऊन आतली कड मोजा, आणि भोकांना बाहेरून झाकणाच्या पट्ट्या मागा. माझ्या खिडक्यांना त्या नाहीत. फॅब्रिकेटरचे शेवटचे दोन हजार मी अजून दिलेले नाहीत. त्याचे फोन आता वेळेवर येतात.