चेंबर, फर्म की जिल्हा कोर्ट? व्यापारी दाव्यांची वकिली कुठून सुरू करावी

सनद हातात आली आणि ‘कमर्शियल लिटिगेशनच करायचं’ हे मनाशी पक्कं झालं, की लगेच पुढचा प्रश्न येतो: बसायचं कुठे? मुंबईत याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. फोर्टमधल्या एखाद्या कौन्सेलचं, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाचं, चेंबर (ऑफिस), नाहीतर बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंट किंवा लोअर परळच्या लॉ फर्मची डिस्प्युट्स, म्हणजे दावे हाताळणारी, टीम. तिसरं उत्तर आपापल्या जिल्हा न्यायालयाचं. ते सहसा कुणी सुचवत नाही.

मी चार वर्षं फर्ममध्ये काढली आणि मग चेंबरला गेले. पैसा आणि नाव यांची तुलना सगळेच करून देतात. मला विचाराल तर मोजायची गोष्ट एकच आहे: न्यायाधीशांसमोर स्वतः उभं राहून बोलायला तुम्हाला किती वर्षं लागणार, आणि तोवर हाताला काय वळण लागणार.

आधी कामाची वाटणी समजून घ्या. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने वकिलांचा वर्ग एकच ठरवला, तरी मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात त्या शाखेत, जुनी पद्धत अजून चालते. सॉलिसिटर फर्म अशिलाला भेटते, वकीलपत्र दाखल करते, कागद जमवते. कौन्सेल ब्रीफ, म्हणजे तयार कागदांसह ते काम, घेतो आणि युक्तिवाद करतो. सीनिअर अ‍ॅडव्होकेटला तर अशिलाकडून थेट काम घेताच येत नाही, मध्ये दुसरा वकील लागतोच.

फर्ममध्ये तुम्ही दाव्याच्या अगदी मुळाशी असता. अशील पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्याकडे दावा नसतोच, नुसती चीड असते. माल दिला, पैसे अडकले. भागीदाराने परस्पर व्यवहार केला. सोबत शेकडो ई-मेल, तीन वर्षांची बिलं, बँकेचे उतारे. त्यातून तारीखवार हकिकत काढायची, कुठलं पत्र आपल्याला बुडवेल ते शोधायचं, नोटिशीतला शब्द न् शब्द तोलायचा. हे काम मला मनापासून आवडलं. आजही दुसऱ्याने केलेली तारखांची यादी मी मूळ कागद बघितल्याशिवाय वापरत नाही.

२०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्याने या सगळ्याला घड्याळ लावलं. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची. कारण दाखवून, खर्च भरून फार तर समन्स बजावल्यापासून १२० दिवसांपर्यंत. त्यापुढे कोर्टालाही मुदत वाढवता येत नाही. लवादाच्या निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायचं तर तीन महिने, वर जास्तीत जास्त ३० दिवस. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. ती सक्तीची आहे, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाटील ऑटोमेशनच्या निकालात सांगून टाकलं.

दुसऱ्या वर्षी एका कैफियतीचे दिवस मी चुकीचे मोजले. अशिलाने समन्स आमच्याकडे पाठवलं त्या तारखेपासून मी मोजत होते. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर ते अकरा दिवस आधीच बजावलं गेलं होतं. कैफियत ११७व्या दिवशी दाखल झाली. तेव्हापासून कुठलंही काम हातात घेताना माझा पहिला प्रश्न ‘बजावणी कधी झाली?’ हाच असतो. ही शिस्त फर्ममध्ये लागते, आणि लागली की जन्मभर पुरते.

पैशाचं सांगायचं तर मोठ्या फर्ममध्ये सुरुवातीलाच महिन्याला लाखाच्या वर मिळतात, मध्यम फर्ममध्ये बरेच कमी. हा बहुतेक ठिकाणी पगार नसतो, रिटेनर म्हणजे ठरलेलं मानधन असतं. टीडीएस कापून येतो, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा. कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत, तर सनद स्थगित ठेवावी लागते. तो रस्ता वेगळाच, इथे त्यात शिरत नाही.

फर्मचा तोटा मला उशिरा कळला. चार वर्षांत मी कोर्टात शेकडो तास बसले आणि बोलले फारच थोडं. कौन्सेल उभा, मी मागे फाइल उघडून, हवं ते पान पुढे सरकवत. पाचव्या वर्षी चेंबरला गेल्यावर साधी तारीख मागायला उठले, तेव्हा आवाज कापत होता.

चेंबरमध्ये सगळं याच्या उलटं. पैसे सुरुवातीला नावापुरतेच. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. सकाळी बोर्ड, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामांची यादी, बघायचा, दिवसभर कोर्ट, पाचनंतर कॉन्फरन्स, रात्री उद्याच्या ब्रीफवर टिपण. याच्या बदल्यात मिळते ती संगत. तीनशे पानांतून तीन मुद्दे कसे उरतात, न्यायाधीशांचा कल दिसला की युक्तिवाद मध्येच कसा वळवायचा, कुठला मुद्दा आपणहून सोडून द्यायचा, हे जवळ बसूनच कळतं. नानी पालखीवाला १९४४ मध्ये सर जमशेदजी कांगांच्या चेंबरला गेले, फली नरिमनही तिथूनच घडले. चेंबर एवढं देऊ शकतं.

पण या व्यवस्थेचा दरवाजा कुणाच्या हाती आहे, हेही बोललं पाहिजे. ब्रीफ सॉलिसिटर देतात आणि ओळखीतल्याला देतात. १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करणाऱ्या डॉ. आंबेडकरांना सॉलिसिटरांनी जातीपायी काम दिलं नाही, आणि त्यांची वकिली अपील शाखेत आणि बाहेरच्या कोर्टांत उभी राहिली. आज तसं उघड कुणी म्हणणार नाही. तरी ज्याचं घर मुंबईत नाही, घरात कुणी वकील नाही, त्याला पहिलं ब्रीफ मिळायला लागणारी वर्षं आणि तेवढी वर्षं भरायचं खोलीचं भाडं, हा हिशेब खराच आहे. सांगलीहून आलेल्या मला तो चुकला नाही.

स्वभावाचंही बघा. ताळेबंद वाचायला बसलं की वेळ कसा गेला कळत नाही, साखर कारखाना किंवा बंदर चालतं कसं याचं कुतूहल आहे, तर फर्ममध्ये रमाल. मी सर्वांत जास्त रमले ती जहाजांच्या दाव्यांत. अ‍ॅडमिरल्टीच्या दाव्यात जहाजच प्रतिवादी असतं आणि त्याच्यावर अटकेचं वॉरंट निघतं. जहाजाने बंदर सोडायच्या आत कागद तयार हवेत. ती रात्र मला फर्मनेच दिली. पण वाद घालताना समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ज्यांना उत्तर सुचतं, त्यांनी चेंबरच्या अडचणी सोसाव्यात.

आता जिल्हा. कमर्शियल दाव्याची किमान रक्कम सुरुवातीला एक कोटी होती, २०१८ च्या दुरुस्तीने ती तीन लाखांवर आली. म्हणजे पुण्याच्या वर्कशॉपवाल्याची थकबाकी, इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याचा वाद, ही सगळी कामं त्याच कायद्याखाली जिल्ह्यातल्या कमर्शियल कोर्टात येतात. तिथे पहिल्या वर्षापासून तुम्ही उभे राहता. साक्षीदार समोर असतो, उलटतपासणी बहुतेकदा मराठीत चालते, आणि ती तुम्हीच घेता. मुंबईच्या फर्ममधल्या माझ्या कित्येक मित्रांनी दहा वर्षांत एकही उलटतपासणी घेतलेली नाही. निकाल लागल्यावर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून पैसे प्रत्यक्ष वसूल कसे होतात, हेही तिथेच दिसतं. उणीव अशी, की मोठे लवाद आणि कंपनी कायद्याची गुंतागुंत क्वचित येते, आणि चांगलं ड्राफ्टिंग शिकवणारा सीनिअर शोधावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली-सातारा-सोलापूरकडच्यांना आता अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ओरिजिनल साइड मात्र मुंबईतच आहे.

माझा कल स्पष्ट सांगते. मुंबईत घर असेल आणि तीन वर्षं कमाईविना निघत असतील, तर सरळ चेंबर. नसेल तर फर्म, पण दोन, फार तर तीन वर्षं, आणि फक्त डिस्प्युट्स. माझ्यासारखी चार काढू नका. गावाकडे चांगला दिवाणी सीनिअर माहीत असेल, तर त्याच्याकडे जाण्यात कमीपणा मानू नका. उलटतपासणी शिकून मग मुंबईत आलेली माणसं मी चेंबरमध्ये पाहिली आहेत, आणि साक्षीपुराव्याचा प्रश्न निघाला की आम्ही सगळे त्यांच्याकडेच वळायचो.

मुलाखतीला जाल तेव्हा फर्मला विचारा, टीममधल्या ज्युनिअरनी गेल्या वर्षी स्वतः किती वेळा कोर्टात काम चालवलं. चेंबरमध्ये सीनिअरना विचारायला संकोच वाटेल, म्हणून त्यांच्या ज्युनिअरना गाठा: स्वतःचं पहिलं ब्रीफ कितव्या वर्षी आलं, आणि ते कुणी दिलं?