हायरायडर, विंडसर की कंपास? नाशिकमध्ये राहून भागीदारीतली गाडी घ्यायची तर

मावसभाऊ सिडकोत राहतो, बजेट वीस लाखाच्या आसपास, आणि त्याला "कंपनी फॉरेनची पण बनलेली इथेच" अशी गाडी पाहिजे. दोन महिन्यांपासून तीन नावं घोळतायत, टोयोटाची हायरायडर हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरही चालणारी), एमजी विंडसर (पूर्ण इलेक्ट्रिक, म्हणजे ईव्ही) आणि जीप कंपास (डिझेल). रोज जेवण झालं की याचा फोन. म्हटलं एकदाच लिहून टाकू, बाकीच्यांनाही कामाला येईल.

बाहेरची आणि इथली कंपनी मिळून गाडी बनवतात ती भागीदारी म्हणजे काय हे नाशिककराला खरं तर सांगायला नको. रेनॉची लोगन आपल्या सातपूरलाच बनायची, 2007 ला आली, महिंद्रा 51 टक्के आणि रेनॉ 49. दिसायला निव्वळ डबा (दोन्ही बाजूचे आरसेसुद्धा एकसारखे, तेवढाच खर्च वाचवला), पण आमच्या काकांनी ती लेकरासारखी जपली. 2010 ला दोघांचं फाटलं, रेनॉ बाजूला झाली, आणि तीच गाडी पुढच्या वर्षी व्हेरिटो नावाने यायला लागली. काकांना फरक शून्य, पार्ट मिळतच राहिले. शेवरोलेने 2017 ला विक्री बंद केली, फोर्डने 2021 ला इथे गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मात्र मागे सांभाळणारा इथला भागीदार नव्हता आणि लोकांच्या गाड्यांचे भाव धाडकन आपटले. म्हणून मी आधी बघतो की बाहेरचा उठून गेला तर वावर कसणारा इथे कोण उरतो.

त्या हिशोबाने हायरायडर जरा गमतीशीर आहे. टोयोटा किर्लोस्करमध्ये किर्लोस्करांचा वाटा फक्त 11 टक्के, म्हणजे नाव मराठी, गाडा जपानी. पण 1997 पासून बसलेत, शिवाय ही बंगळुरूजवळ बिडदीला बनते, त्याच प्लांटमध्ये मारुतीची ग्रँड विटारासुद्धा बनते, म्हणजे पार्टची काळजी जवळजवळ नाहीच. हायब्रिडच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमी वॉरंटी. कंपनी लिटरला 27.97 किमीचं मायलेज सांगते, तुम्ही वीस-बावीस धरा म्हणजे मन दुखणार नाही. नाशिकच्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये ती बराच वेळ बॅटरीवरच सरकते, खरा फायदा तिथे. तोटा एकच पण मोठा, बॅटरीने डिकी खाल्लीय, चार माणसांच्या बॅगा घेऊन गावाला निघालात की वरच्या कॅरिअरची आठवण येते.

विंडसर म्हणजे नाव इंग्रजी, मूळ कंपनी चायनाची साइक, आणि 2024 पासून इथल्या जेएसडब्ल्यू ग्रुपचा 35 टक्के वाटा. बनते गुजरातेत हालोलला, जिथे आधी शेवरोले बनायची तोच प्लांट. आत बसलात तर बाकी दोन्ही विसराल, मागची सीट 135 अंशात मागे जाते, आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर चढाउतरायलाही हीच सोपी. घोळ आहे तो बॅटरी भाड्याने घ्यायच्या स्कीमचा. लॉन्चला 9.99 लाख ऐकून सगळे धावले, पण त्यात बॅटरी नव्हती, तिचे किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. आता हिशोब करा, साडेतीन अधिक घरच्या विजेचा रुपया-दीड रुपया म्हणजे पाचला टेकलात, आणि शंभरावरचं पेट्रोल टाकून हायब्रिडही किलोमीटरला पाचच्या आसपासच जाते. मग वाचलं काय? घ्यायची तर बॅटरीसकट घ्या, 38 किलोवॅट-अवरची बॅटरीवाली लॉन्चला साडेतेरापासून होती, पहिल्या मालकाला बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी आहे, ईव्हीवर जीएसटी 5 टक्के, मोठ्या हायब्रिडवर 40, वरून महाराष्ट्रात ईव्हीला रोड टॅक्स माफ.

पण मुंबई. जाऊन-येऊन साडेतीनशेच्या जवळ, आणि 38 वाल्याची रेंज कंपनीच्याच कागदावर 332. त्यात येताना कसारा घाट चढायचा, तिथे आकडा असा पळतो की बायको विचारते एसी बंद करू का. 52.9 किलोवॅट-अवरवाली विंडसर प्रो घेतली तर कागदावर 449, तरी वाटेत चहाबरोबर चार्जिंग धराच. आणि सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट लावू देणार का हे बुकिंगच्या आधी विचारा, नंतर मीटिंगमध्ये भांडत बसू नका.

कंपास आपल्या सगळ्यात जवळची, रांजणगावला बनते, फियाट (जीपच्याच ग्रुपमधली कंपनी) आणि टाटांचा निम्मा-निम्मा प्लांट. दोन लिटरचं डिझेल इंजिन, 170 पीएस, आणि त्याच घराण्याचं इंजिन टाटाच्या हॅरियर-सफारीत असल्यामुळे त्याचं काम जाणणारा मेकॅनिक सापडतो. पुण्याच्या वाटेवरच्या चंदनापुरी घाटात ही गाडी ज्या थाटात चढते ना, तिथे बाकीच्या दोघींनी बोलूच नये. पण वीस लाखात खालचंच मॉडेल येतं, डिझेलचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त, मागे जागा बेताची. महिन्याला दोन-तीनदा पुण्याला पळणारा माणूस असेल तरच.

भावाला मी हायरायडर सांगितली. त्याची ड्युटी अंबड एमआयडीसीत, सासरवाडी कल्याणला, आणि पार्किंग रस्त्यावर, म्हणजे चार्जरचा विषयच संपला. गंगापूर रोडला स्वतःचा बंगला असता आणि घरात दुसरी गाडी असती तर डोळे झाकून विंडसर म्हटलं असतं.

टेस्ट ड्राइव्हला सेल्सवाला कॉलेज रोडवर एक राउंड मारून आणतो, त्याला भुलू नका. घरची चारही माणसं बसवा, बॅगा टाका आणि इगतपुरीकडे काढा. तो नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा.