सैन्यातल्या जुन्या ट्रेलरला नवी चाकं: ट्रेलर घेतल्यापासून आठ महिन्यांनी

फेब्रुवारीत मी अमेरिकन सैन्याने मोडीत काढलेला एम-११०२ ट्रेलर लिलावात घेतला. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या सिल्व्हर ईगल कंपनीने बनवलेला, ॲल्युमिनियमच्या हौद्याचा, हम्व्ही या सैन्याच्या गाडीमागे जोडायचा हा ट्रेलर. मालासकट एकूण वजनाची मर्यादा ४,२०० पौंड. मी कोलोरॅडोत राहतो आणि ओढायला २००६ ची शेव्हरले सिल्व्हरॅडो २५०० एचडी आहे. कागदपत्रं आणि २४ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर आणणं हे सगळं पंधरा दिवसांत उरकलं. चाकांचा निर्णय घ्यायला मात्र दोन महिने लागले. ते दोन महिने सत्कारणी लागले असं आज ठामपणे वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ट्रेलर घरी आला त्या संध्याकाळी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या ओढल्या. ट्रेलर पाहून खूश झाले, पण पहिला प्रश्न हाच, "टायर कुठल्या सालचे आहेत ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. नक्षी जवळजवळ कोरी होती, मला तेवढं पुरेसं वाटलं होतं. टॉर्च घेऊन खाली वाकलो. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांपासून जो क्रमांक सुरू होतो त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एकावर २२०८, दुसऱ्यावर ३५०९. म्हणजे एक २००८ चा आणि दुसरा २००९ चा. नक्षीच्या खोबणीत आणि रिमलगतच्या भागात केसासारख्या बारीक भेगा होत्या. सैन्याचे ट्रेलर वर्षानुवर्षं उन्हात उभे असतात, त्यामुळे रबर न झिजताच म्हातारं होतं. लिलावात नक्षी बघून बोली लावू नका, आधी हे चार आकडे बघा.

आता मुख्य अडचण. मूळ टायर ३७x१२.५० आर १६.५ मापाचे. या शेवटच्या साडेसोळातच सगळी मेख आहे. साडेसोळा इंची रिम ही जुनी पद्धत, आता नागरी बाजारात त्या मापाचे टायर फारसे मिळत नाहीत. मग कोणाच्याही मनात येतं की सोळाचा टायर अर्धा इंच ताणून बसवू. मी चौकशीला गेलो होतो त्या एका दुकानात तिथल्या पोराने हेच सुचवलं. कृपा करून हे कोणी करू नका आणि कोणाला करू देऊ नका. टायरची तारेची कड रिमवर जिथे बसते त्या जागेचा उतार सोळाच्या रिमला ५ अंश असतो, साडेसोळाच्या रिमला १५ अंश. सोळाचा टायर तिथे नीट बसतच नाही. बसावा म्हणून माणूस हवा वाढवत जातो, कडेची तार तुटते आणि टायर फुटतो. हवा भरताना माणूस शेजारीच उभा असतो. अशाने माणसं मेली आहेत.

हम्व्हीच्या रिमचा दुसरा धोकाही इथेच सांगतो. ती रिम दोन भागांची असते आणि ते भाग बोल्टनी जोडलेले असतात, जुन्या रिमला ८ आणि नंतरच्या रिमला १२. आत सपाट टायरवरही गाडी पुढे नेता यावी म्हणून रनफ्लॅटचं कडं असतं. चाक हबला (आसाच्या टोकाच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) धरून ठेवणारे ८ नट वेगळे आणि रिमचे भाग जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसरे सैल केले तर रिम उडून अंगावर येते. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्यांना पाना लावायचा नाही. मी ती रिम उघडलीच नाही. दोन्ही चाकं जशीच्या तशी एका हम्व्हीवाल्याला विकली.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, सैन्याचेच कमी जुने टायर शोधून तीच चाकं ठेवणं. दिसायला झकास, पण रनफ्लॅटसकट एक चाक दीडशे पौंडांच्या आसपास भरतं, आणि अंधारात रस्त्याच्या कडेला ते एकट्याने उचलून हबवर चढवायचं हे मला झेपणारं नव्हतं. दुसरी वाट, १७ इंची रिम घेऊन त्यावर नागरी ३७ इंची टायर. त्यात खर्च भरपूर आणि उंची तेवढीच. तिसरी वाट सुचली ती माझ्या अंगणातच उभी होती. या ट्रेलरच्या हबला ८ बोल्ट आहेत आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेसहा इंच, म्हणजे १६५.१ मिलिमीटर. माझ्या सिल्व्हरॅडोचंही अगदी तेच माप. इथे सावध राहायला हवं, कारण "आठ बोल्टवालं चाक" एवढं म्हणून भागत नाही. फोर्डने १९९९ पासून सुपर ड्यूटीला १७० मिलिमीटरचं वर्तुळ घेतलं, जनरल मोटर्सने २०११ पासून जड ट्रकांना १८० मिलिमीटरचं. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी ट्रकचं एक चाक काढलं आणि ट्रेलरला लावून पाहिलं. ब्रेकच्या ड्रमला आतून घासतं का, मधलं भोक हबवर सहज बसतं का, नटाचा निमुळता भाग रिमच्या खोबणीत पूर्ण टेकतो का, हे तिन्ही हाताने फिरवून तपासलं. असं चाक घरात नसेल तर कोणाचं तरी मागून आणा, पण कागदावरच्या मापावर विसंबू नका.

चाक बसलं. भंगारवाल्या यार्डातून त्याच पिढीच्या ट्रकच्या १६ इंची तीन लोखंडी रिम ट्रेलरसाठी घेतल्या. टायर मात्र सात नवे घेतले: ट्रेलरला दोन, ट्रकला चार आणि एक स्टेपनी. ट्रकचे टायर तसेही बदलायला आले होते. सगळे एकाच मापाचे, एलटी (म्हणजे हलक्या ट्रकचे) २३५/८५ आर १६, लोड रेंज ई या जड भाराच्या श्रेणीतले, बीएफगुडरिचचे ऑल-टेरेन केओ२. ट्रकचं मूळ माप एलटी २४५/७५ आर १६ होतं. नवा टायर त्याहून सव्वा इंच उंच आहे, तो ट्रकला कुठे घासत नाही. ट्रकची जुनी स्टेपनी घरीच ठेवली.

खास ट्रेलरचे एसटी टायर का घेतले नाहीत, असं मित्रांनी विचारलं. हायवेवर जड ओझं वाहायचं असेल तर एसटी चांगलेच, त्याच मापात ते जास्त वजन पेलतात. पण ते फक्त ट्रेलरसाठी असतात, ट्रकला लावता येत नाहीत. मला हवं होतं कुठलंही चाक कुठेही लागणारं. शिवाय या टायरवर बर्फात चालण्याची, डोंगर आणि हिमकणाची खूण आहे, त्यामुळे सप्टेंबर ते मे या काळात आय-७० हायवेवर डोंगरातल्या पट्ट्यासाठी जो टायरचा नियम असतो तोही ट्रकपुरता सुटला.

फिटिंगबद्दल थोडं. जुना टायर साडेबारा इंच रुंद, नवा सव्वानऊच्या आसपास. हम्व्हीची रिम आत खूप खोल बसते, ट्रकची तेवढी नाही. त्यामुळे नव्या टायरची बाहेरची कड जवळपास जुन्याच जागी आली, आणि आतल्या बाजूला मात्र तीनेक इंच जागा मोकळी झाली. मडगार्डच्या बाहेर काही डोकावत नाही. पण टायरची मधली रेषा इंचभर बाहेर सरकली आहे आणि तेवढा जास्तीचा भार बाहेरच्या बेअरिंगवर येतो, हे मी विसरत नाही. म्हणून ४,२०० पौंडांची मर्यादा कधी गाठत नाही. ट्रकथांब्याच्या काट्यावर मोजलं तेव्हा माझा सगळ्यात जड फेरा ३,४०० पौंडांचा भरला.

ट्रेलरचा आस साधारण अडीच इंच खाली आला. त्यामुळे हुक आणि ट्रेलर जवळपास एका रेषेत आले आणि मागचा धक्का पूर्वीपेक्षा कमी बसतो. ट्रेलरचा ब्रेक हायड्रॉलिक, ट्रक मंदावला की दांड्याच्या रेट्याने लागणारा. चाक लहान झाल्यावर तोच ब्रेक जमिनीवर जास्त जोराने धरतो, हिशेबाने पंधरा टक्क्यांच्या आसपास. आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला उतरताना ते मला स्पष्ट जाणवलं.

माझी सगळ्यात मोठी चूक हवेची. टायरच्या कडेवर लिहिलंय की हवेच्या ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला ३,०४२ पौंड, म्हणून मी ८० भरली. एप्रिलमधल्या पहिल्या फेरीत जवळपास रिकामा ट्रेलर प्रत्येक खड्ड्यावर हवेत उडत होता. पाण्याच्या एका कॅनचं बूड फाटलं आणि शेगडीचा पाय मोडला. कडेवरचा आकडा जास्तीत जास्त भाराचा असतो, तुमच्या भाराचा नव्हे, ही गोष्ट मला माहीत असूनही मी हात आखडला नाही. मग हिशेब केला. ३,४०० पौंडांतले साडेतीनशे दांड्यावरून ट्रकवर जातात, उरलेल्यातले प्रत्येक चाकावर सव्वापंधराशे. याच टायरची ५० पीएसआयला क्षमता २,२०५ पौंड आहे. आता भरलेल्या ट्रेलरला थंड टायरमध्ये ५० भरतो, अर्ध्या ओझ्याला ४० आणि रिकाम्याला ३५. डोंगरात चढलं की दर हजार फुटांमागे मीटर अर्धा पीएसआय जास्त दाखवतो, थंडी वाढली की दर १० अंश फॅरेनहाइटमागे एक पीएसआय कमी. म्हणून डेन्व्हरला भरलेली हवा मी उंचावर सोडत बसत नाही.

जूनमध्ये युटातल्या एस्कलांटजवळच्या होल-इन-द-रॉक रस्त्यावर गेलो. हा रस्ता म्हणजे मैलच्या मैल धुण्याच्या फळीसारख्या लाटा. ट्रकला ३५ आणि ट्रेलरला ३० हवा ठेवून, ताशी वीस मैलांच्या आत हळूहळू चाललो. परतताना धारदार दगडाने ट्रकच्या मागच्या टायरची कड चिरली. कडेला दोरीचं पंक्चर चालत नाही. ट्रेलरच्या हौद्यातलं स्टेपनी चाक काढून ट्रकला लावलं, वीस मिनिटांत पुढे निघालो. बायको आणि दोन्ही मुलं सोबत होती, फोनला रेंज नव्हती आणि डोक्यावर ऊन तापत होतं. दोन महिने मापं घेत बसल्याचं चीज त्या वीस मिनिटांत झालं.

सप्टेंबरमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर, लाकडी मंच आणि ढोल-ताशे याच ट्रेलरमधून नेले. ३५ पीएसआयवर ट्रेलर इतका मऊ चालला की मखराची कमान एका टाचणीनेही हलली नाही.

तक्रारी आहेत, त्याही सांगतो. ट्रक आणि ट्रेलरच्या नटांचे आटे वेगळे आहेत, त्यामुळे ट्रेलरसाठी स्वतंत्र सॉकेट आणि चार जादा नट डब्यात ठेवावे लागतात. नवी चाकं लावल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी टॉर्क पाना लावला तेव्हा दोन नट पाव फेरा फिरले, म्हणजे तपासणं गरजेचंच होतं. खडकाळ वाटेवर ते अडीच इंच जाणवतात, दोनदा आस दगडाला टेकला. पाच हजार मैलांत नक्षीची खोली १५/३२ इंचावरून १३/३२ इंचावर आली आहे, पण डाव्या टायरची आतली कड थोडी जास्त झिजली. तो दोष टायरचा नाही, सैन्यात असताना आसाला कधीतरी मार बसला असावा असं मापं सांगतात.

ज्यांच्याकडे खरी हम्व्ही आहे त्यांनी मूळ चाकंच ठेवावीत, त्यांची स्टेपनी तीच. माझ्यासारखा आठ बोल्टचा जुना ट्रक असेल तर आधी आपल्याच ट्रकचं चाक काढून लावून बघा. नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आत, दोन्ही हब उघडून बाहेरची बेअरिंग बघणार आहे आणि नवं ग्रीस भरणार आहे. आसाचं मापही त्याच वेळी पुन्हा घेईन.