रिवेरा की हॉफमन : सुरुवात कोणापासून करावी?

क्रिकेटवर पोसलेल्या नजरेला बेसबॉलमधला रिलीफ पिचर चटकन उमगत नाही. सामना सुरू एक जण करतो, शेवटच्या इनिंगला भलताच कोणी येतो, पंधरा-वीस चेंडू टाकतो आणि टाळ्या घेऊन जातो. हा शेवटचा गडी म्हणजे क्लोजर. त्याने निसटती, बहुधा तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी राखली, तर त्याच्या नावावर सेव्ह लागते. हे काम कळण्यासाठी एकाच कारकिर्दीचे जुने सामने पाहायचे असतील, तर नावं दोनच : ६५२ सेव्हवाला मारियानो रिवेरा आणि ६०१ वाला ट्रेव्हर हॉफमन. सहाशेच्या पुढे तिसरा कोणी नाही.

आकडेच बघायचे तर निवड सोपी. रिवेराचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) २.२१, हॉफमनचा २.८७, प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, रिवेराचा तर ०.७०. हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, २०१९ मध्ये त्याला सगळीच्या सगळी मतं मिळाली, असं आधी कोणाच्याही बाबतीत घडलं नव्हतं. हॉफमन २०१८ मध्ये, तिसऱ्या वर्षी निवडला गेला. रिवेराचं मुख्य अस्त्र एकच, कटर. डावखुऱ्याच्या मुठीकडे ऐनवेळी वळणारा, बॅटी मोडणारा. येणार काय हे बॅटरला ठाऊक असायचं, तरी उपयोग शून्य. पण त्यातून धंदा शिकता येत नाही. सलग दहा सामने पाहिलेत तर जरा कंटाळाही येईल.

हॉफमनकडे शिकण्यासारखं जास्त आहे. सिनसिनाटी रेड्सने १९८९ मध्ये त्याला घेतलं ते शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक म्हणून. बॅट चालेना, म्हणून १९९१ मध्ये पिचर केलं. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपात लीग बंद असताना समुद्रकिनाऱ्यावर खेळताना खांदा दुखावला, पुढे शस्त्रक्रिया झाली आणि वेग ओसरला. मग त्याने चेंजअपवर भिस्त ठेवली : हात फास्टबॉलच्याच झपाट्याने फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो आणि बॅट आधीच फिरून गेलेली असते. १९९८ मध्ये ५४ संधींत ५३ सेव्ह, त्याचा सॅन डिएगो पाड्रेस संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत.

तिथे समोर रिवेराचा संघ, न्यूयॉर्क यँकीज. तिसऱ्या सामन्यात पाड्रेस ३-२ ने पुढे असताना हॉफमनला नेहमीच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगऐवजी आठव्या इनिंगमध्येच बोलावलं. स्कॉट ब्रोशसने त्याला तीन धावांचा होम रन मारला. ५-४ ने सामना गेला, सेव्ह रिवेराची. दोघांना एकाच सामन्यात पाहायचं तर हाच लावा.

धंदा समजून घ्यायचा असेल तर माझं मत हॉफमनला, १९९८ पासून. नुसती मौज हवी असेल तर सरळ रिवेरा, ऑक्टोबरमधले प्लेऑफचे सामने. फक्त २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना गाळू नका. ॲरिझोनाने तो नवव्या इनिंगमध्ये रिवेराच्याच हातून काढून घेतला होता.