सामान स्वतः बांधायचं की पॅकर्सकडे सोपवायचं?

लांबच्या स्थलांतरात पॅकर्सचा खरा फायदा वेगापेक्षा जबाबदारीत आहे. आपण भरलेल्या खोक्यात काच फुटली, तर भरपाई बहुतेकदा नाकारली जाते. त्यांनी भरलेल्या खोक्याबद्दल निदान दावा तरी करता येतो. म्हणून काचसामान, टीव्ही, फ्रंट लोड वॉशिंग मशीन त्यांच्याकडेच द्यावं. मशीनच्या ड्रमला ट्रान्झिट बोल्ट (वाटेत ड्रम हलू नये म्हणून लावायचे बोल्ट) लावलेत ना, हे मात्र समोर उभं राहून बघा.

स्वतः बांधण्यात पैसे वाचतात, पण वेळ फार जातो. तरी कपडे, पुस्तकं घरच्यांनीच भरावीत. पुस्तकं लहान खोक्यांत, नाहीतर तळ सुटतो. कागदपत्रं, दागिने, रोजची औषधं कुणाच्याच ट्रकमध्ये नकोत. मुलांना आपली खेळणी स्वतःच भरू द्या, आणि नव्या घरी आधी तेच खोकं उघडा.